पिशवीतलं पाणी

नानाखेडा, उज्जैन
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

कागद-पेन घेऊन लिहितोय म्हणून दचकू नकोस, घरात कोणी आजारी नाही. फोनवर बोलायला बसलं की तुझी लेक मध्ये येऊन बसते, आणि मला जे बोलायचं असतं ते सगळं तिच्याबद्दलच असतं. वय पाच वर्षं, पण कान पन्नाशीच्या बाईचे. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे. केतकीला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तोवर आपण सुरक्षित आहोत.

तर मुद्दा असा की मी कंटाळलोय. तीन वर्षांपूर्वी तुझं नि सुमीतचं फिसकटलं, तुला रत्नागिरीच्या मत्स्य संशोधन केंद्रात समुद्रघोडे वाढवायचं काम मिळालं, तिथल्या होस्टेलात मूल चालत नव्हतं. बाबा म्हणाले, "पोरीला ठेव इथे, आम्ही दोघे खंबीर आहोत." त्या दोघांतला एक खंबीर गेल्या वर्षी गेला. दुसऱ्याची अवस्था तुला कळावी म्हणून लिहितो.

टावर चौकातल्या ऑफिसात जाणं बंद झालंय. नकाशे घरीच काढतो, जेवणाच्या टेबलावर. परवा एका गिऱ्हाइकाच्या बंगल्याच्या प्लॅनमध्ये जिन्याशेजारी जांभळी मांजर निघाली. खिडकीतून बस-स्टँड दिसतो. "इंदौर, इंदौर, इंदौर" असं दिवसभर कानावर पडतं आणि तीन वर्षांत मी एकाही गाडीत चढलेलो नाही. सिंहस्थ २०२८ ला, पण रस्ते आत्ताच खणून ठेवलेत, त्यामुळे हिला घेऊन बागेतही जाता येत नाही. सकाळी उठव, वेणी घाल, डबा, शाळा, आणि बारीकसारीक एक हजार प्रश्न. माणूस जेलमध्ये असला तर निदान त्याला शिक्षा किती ते माहीत असतं.

आणि नंदाचं लग्न ठरलं. माझ्याच ऑफिसातली नंदा, तुला फोटो दाखवला होता. दोन वर्षं थांबली. शेवटी म्हणाली, "आल्हाद, तुम्ही एकदा हाँ बोला ना, बाकी मी बघते." मी म्हटलं, केतकीचं काय ते ठरू दे आधी. तिने मग स्वतःचं ठरवून टाकलं. तिची चूक नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धालाही तू आली नाहीस. तुझ्या माशांची पिल्लं निघणार होती म्हणे. शेजारच्या शर्मा आंटी सगळ्यांना सांगतात की तू दरियाई घोडे सांभाळतेस. त्यांच्या डोळ्यांसमोर केवढा जाडजूड पाणघोडा असेल ते मी त्यांना विचारलं नाही.

कधीपर्यंत, एवढंच सांग.

तुझा,
आल्हाद

---

रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. आल्हाद,

तुझं पत्र जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि जेवले नाही.

तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. मी तुला अडकवलं. नंदाचं वाचून तर मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आमच्या इथे रोज हेच चाललेलं असतं आणि मला तूच आठवतोस, म्हणून सांगते. समुद्रघोड्यात गरोदर राहतो तो नर. मादी आणि तो सकाळी शेपटीत शेपटी अडकवून फिरतात, रंग बदलतात, मग ती त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते. काही सेकंदांचं काम. पिशवीचं तोंड मिटतं. ती सडसडीत होऊन निघून जाते आणि हा पोट घेऊन गवताच्या काडीला शेपटी गुंडाळून बसतो, तीन आठवडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाकीचे हसले होते. मी टाकीपाशी उभी राहून रडले होते.

पण आता ऐक. मला कायम केलंय! एप्रिलपासून क्वार्टर मिळेल, दोन खोल्या, समोर शाळा. शाळा संपली की मी केतकीला घेऊन येते. मे महिन्यात तू मोकळा. पुण्याच्या त्या ऑफिसला लगेच कळव, त्यांनी तुला दोनदा विचारलंय हे मला विसरायला झालेलं नाही.

तुझी सुटका झाली रे बाबा.

ताई

---

उज्जैन
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

अभिनंदन. मनापासून. बाबा असते तर टावर चौकात जाऊन किलोभर मावाबाटी आणली असती आणि अर्धी स्वतः खाल्ली असती.

केतकीचं मात्र घाईने ठरवू नकोस. तिला खोकला झालाय. कोरडा आहे, पण जुना वाटतो. रत्नागिरीची दमट हवा तिला मानवेल का, डॉक्टरला विचारायला हवं. शिवाय शाळेत ती आत्ता कुठे रुळलीये, बाई म्हणतात की पहिलीचं वर्ष बदलू नये. शिवाय तुमच्याकडे मासे खातात, आणि ही भेंडीतल्या बिया बाजूला काढणारी. शिवाय तू दिवसभर टाक्यांपाशी असणार, मग हिच्याकडे बघणार कोण? एक वर्ष जाऊ दे. मी काय, आहेच. तीन काढली तिथे चार.

एक विचारू का? ती मादी अंडी टाकून जाते ती जातेच का? मग तीन आठवडे ती काय करते? सहज विचारलं.

तुझा,
आल्हाद

---

रत्नागिरी
२ जानेवारी २०२५

चि. आल्हाद,

तू सहज विचारलं नाहीस. तरी उत्तर देते.

ती जात नाही. रोज सकाळी येते. त्याच्याभोवती फिरते, दोघांचे रंग उजळतात, पाच-दहा मिनिटं एकाच काडीला धरून राहतात आणि मग ती जाते. एक दिवस चुकवत नाही. मीही तीन वर्षं रोज सकाळी साडेसातला फोन करते, आल्हाद. त्या वेळेला माझी टाक्यांची पाळी असते, आणि मी ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी राहते कारण तिथेच रेंज येते. तुला हे सांगितलं नव्हतं.

खोकल्याचं म्हणशील तर काल केतकीने फोनवर तीन गाणी म्हटली, तिसरं बरंच वरच्या पट्टीत होतं. एकदाही खोकली नाही.

आणि आज सकाळी साताऱ्याहून विनायकदादाचा फोन आला. तो परवा महाकालला आला होता म्हणे, तुला न कळवता. रामघाटावर आपल्या घराण्याची वंशावळ ठेवणाऱ्या गुरुजींकडे काकू गेल्याचं लिहायला बसला तर वहीत शेवटची नोंद दिसली. मला म्हणाला, "अगं, आल्हादला मुलगी झाली आणि लग्नाला आम्हाला बोलावलंसुद्धा नाहीत?"

मी म्हटलं, नाव काय लिहिलंय? तो म्हणाला, "केतकी."

याचा अर्थ तू मला सांग.

निहारिका

---

उज्जैन
११ जानेवारी २०२५

ताई,

तू "निहारिका" अशी सही केलीस. ती मी चार वेळा वाचली.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, पिंडदान झालं, मग गुरुजींनी ती लांबलचक वही उघडली. आपले खापरपणजोबा कोणत्या साली शिप्रेवर आले होते तिथपासून त्यांनी वाचून दाखवलं. मग बाबांच्या नावापुढे "भय्यासाहेब" कंसात लिहायचं की नाही यावर जरा चर्चा झाली. केतकी माझ्या मांडीवर होती. तिने माझी कॉलर धरली होती, गर्दीत धरते तशी. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "और ये बिटिया?" मी म्हटलं, "केतकी." त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "आल्हाद की पुत्री केतकी."

गुरुजींची चूक तेवढ्या दोन सेकंदांची. पुढची सगळी माझी. त्यांनी वाळवायला पान उघडं ठेवलं होतं, पाच मिनिटं तरी. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: "गुरुजी, ये मेरी भानजी है." मी ते बोललो नाही. केतकी घाटावरच्या नावा मोजत होती आणि मी ते अक्षर बघत बसलो होतो. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, हे मी तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

हे चोरीच आहे. घाटावर केली म्हणून पुण्यकर्म होत नाही.

खोकला मी बनवला. शाळेच्या बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. नंदाला मी केतकीमुळे नाही म्हटलं हेही अर्धंच खरं. नंदा म्हणाली होती की केतकी तिच्या आईकडे गेली की मग आपण सुरळीत राहू. ते ऐकल्यावर मी नंदाला टाळायला लागलो.

मी कंटाळलोय, अडकलोय, हे सगळं खरं आहे. रोज खरं आहे. पण तू सुटका म्हणालीस आणि मी लगेच तो खोकला शोधून काढला. इथे राहवत नाही, आणि ही गेली तर इथून हलताही येणार नाही. याला काय म्हणतात ते तुमच्या शास्त्रात असेल तर कळव.

तू म्हणशील तेव्हा तिला घेऊन जा. मी आडवा येणार नाही.

आल्हाद

---

रत्नागिरी
२८ फेब्रुवारी २०२५

चि. आल्हाद,

दीड महिना पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात मेला असशील, माहीत आहे. मी दोन लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या. दुसऱ्यात स्वतःला होत्या, त्या जास्त होत्या.

मग माझ्या लक्षात आलं की चूक कुठे झाली. तू कुरकुर केलीस आणि मी ती खरी धरली. आपल्या घरात राहून मला हे कळू नये? बाबा आयुष्यभर "काय कटकट आहे" म्हणत आले, आणि ज्याची कटकट त्यालाच पहाटे स्टेशनवर घ्यायला जायचे. तुझं पहिलं पत्र मी त्यांच्या आवाजात वाचायला हवं होतं. मी ते सरकारी दाखल्यासारखं, शब्दाला शब्द वाचलं.

वहीतल्या नावाने मला दुखलं. अजून दुखतं. ते मी गिळून टाकलंय असं समजू नकोस. आणखी एक झोंबतं ते आताच सांगून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही. फोनवर केतकी दर वाक्याला "मामा म्हणतो", "मामा असं करतो" करते. मी रोज सकाळी पाच मिनिटं मागून घेते आणि त्यातली चार तुझी असतात. लेकीच्या तोंडी भावाचं नाव आलं म्हणून जळणारी बहीण म्हणजे काय असेल ते असो, पण मी ती आहे.

आता कामाचं. तुला समुद्रघोड्याबद्दल मी अर्धंच सांगितलं होतं. पिशवी म्हणजे नुसतं पोतं नाही. आतल्या कातडीत प्रत्येक अंडं रुतून बसतं, त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या येतात, त्यातून त्याला श्वास मिळतो. आणि पिशवीतलं पाणी समुद्राचं नसतं. सुरुवातीला ते बापाच्या अंगातल्या पाण्यासारखं, कमी खारट असतं. मग दिवस भरत येतात तसा तो ते थोडं थोडं खारट करत नेतो. शेवटच्या दिवशी आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होतं. म्हणून पिल्लं बाहेर पडली की दचकत नाहीत. हे सगळं तो कोणी न शिकवता करतो, आणि पिल्लू सोडायचं आहे हे धरूनच करतो.

मी तिला मे महिन्याच्या सुरुवातीला नेणार आहे. यात बदल नाही. पण मी येऊन ओढून नेणार नाही. तू घेऊन ये. आणि दोन महिने आहेत तुझ्याकडे, पाणी खारट कर.

ताई

---

उज्जैन
६ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

सही परत "ताई" झाली, उपकार आहेत.

कामाला लागलोय. मासे: इथे चांगले मिळत नाहीत आणि मला करता येत नाहीत. यूट्यूब बघून केले. सगळ्या मजल्याला कळलं, शर्मा आंटींनी उदबत्ती लावली. पहिल्या दिवशी दोघांनीही खिचडी खाल्ली. चौथ्या खेपेला तिने बोटाएवढा तुकडा खाल्ला आणि काटा काढून ताटाच्या काठावर ठेवला. मी अजून खात नाही, मला थोडीच रत्नागिरीला राहायचंय.

समुद्र: बादलीत मीठ टाकून तिला चाखायला दिलं. थुंकली. मग म्हणाली, "पूरा समंदर ऐसा? किसने डाला?" मी म्हटलं, आई सांगेल. हल्ली मी बरेच प्रश्न असे पुढे ढकलतो. आकाश निळं का, आई सांगेल. मेल्यावर आजोबा कुठे गेले, आई सांगेल. तयार राहा.

वेणी तिची तिला घालायला शिकवतोय, जमत नाही. तू दिवसभर कामावर असशील तेव्हा शेजारी जाऊन बसायचं म्हणून तिला रोज तासभर आंटींकडे सोडतो. पहिल्या दिवशी दारावर धडका मारल्या. मी दाराच्या या बाजूला उभा होतो. उघडलं नाही. असलं काम मी आयुष्यात केलेलं नाही, ताई. हल्ली ती परत यायला कुरकुर करते, आंटींकडे कार्टून मोठ्या टीव्हीवर दिसतं.

रामघाटावर जाऊन आलो. गुरुजींना म्हटलं, चूक आहे, नाव काटा. ते म्हणाले, "इसमें काटते नहीं बेटा, सिर्फ जोड़ते हैं." शेवटी त्यांनी त्याच ओळीत जोडलं, "माता निहारिका, मामा आल्हाद के घर पली." आता पाचशे वर्षांनी कोणी वाचलं तर गोंधळात पडेल, पण खोटं कोणाचंच नाही.

तुझं ते "झोंबतं" वाचलं. त्याचाही बंदोबस्त केलाय. कसा ते विचारू नकोस.

चार मेला पोचतो.

तुझा,
आल्हाद

---

रत्नागिरी
१२ जून २०२५

चि. आल्हाद,

तू ती उठायच्या आत निघून गेलास. मला वाटलं होतं दोन दिवस तरी राहशील. आम्हीही पिल्लं झाली की नराला टाकीतून लगेच बाहेर काढतो, कारण त्याला आपलं पिल्लू ओळखू येत नाही आणि भूक लागली तर तो खाऊनही टाकेल. पण तुझ्याबाबतीत तशी काही भीती नव्हती रे.

ती उठली. सगळ्या खोल्या बघितल्या, म्हणजे दोन. मग पाटावर येऊन बसली आणि मला म्हणाली, "आई, चहात बिस्किट बुडवू का?" रडली नाही. तू तिला काय काय शिकवून पाठवलंस ते रोज एकेक कळतंय. काटा स्वतः काढते. मी कामाला गेले की शेजारच्या गौरीकाकूंकडे चटई घेऊन जाते. समुद्र बघून घाबरली नाही, ओंजळीने चाखला आणि मान हलवली, जणू तपासायलाच आली होती. केंद्रातले लोक म्हणतात, इतकी शहाणी पोर पाहिली नाही.

खरं लिही म्हणालास निघताना, म्हणून लिहिते. पाच आठवड्यांत तिने तुझं नाव एकदाही काढलं नाही. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिला आठवडा मी हवेत होते. आता मात्र विचित्र वाटतं. मुलं इतकी लवकर विसरतात? रविवारी तू फोन करतोस तेव्हा "मी मजेत आहे, बाय" म्हणते आणि पळते.

तू कसा आहेस? पुण्याला कळवलंस का? आमच्या एका नराची पिशवी रिकामी झाल्यावर आत हवा राहिली. असं होतं कधी कधी. तो बिचारा वरच तरंगत राहतो, कितीही धडपडला तरी खाली गवतापर्यंत पोचत नाही. हातात धरून हळूहळू दाबून ती हवा काढावी लागते, त्याची त्याला काढता येत नाही. काढली तेव्हा तुझी आठवण आली. उत्तर दे.

ताई

---

उज्जैन
२४ जून २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तिने नाव काढलं नाही हे वाचलं.

म्हणजे जमलं.

आता मला मेडल द्या. दुसऱ्याचं पोर कसं सोडावं यावर मी क्लास काढू शकतो, फ्रीगंजमध्ये बोर्ड लावतो.

पुण्याला कळवलं नाही. कळवीन. टेबल मोकळं आहे, नकाशात मांजरं नाहीत, दिवसाचे बारा तास माझे आहेत. कुठेही जाऊ शकतो, म्हणून कुठेच जात नाही. आधी घराला कुलूप बाहेरून होतं, आता आतून आहे, एवढाच फरक. तुझ्या त्या तरंगणाऱ्या माशाला माझा नमस्कार सांग.

शाळा सुरू झाल्या. चार वाजता माझे पाय आपोआप जिना उतरतात. खाली जाऊन उभा राहतो. रिक्षा येते, तिसऱ्या मजल्यावरची जुळी उतरतात, रिक्षावाला म्हणतो, "भैया, आपकी वाली तो गई ना?" मी म्हणतो, हो. मग वर येतो. हे मी रोज करतो, ताई. उद्या करणार नाही असं रोज ठरवतो.

फार रडलो. ते लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

तिला माझं काही सांगू नकोस. विसरली आहे तेच बरं.

आल्हाद

---

रत्नागिरी
६ जुलै २०२५

आल्हाद,

आज आशीर्वाद वगैरे काही नाही. मी भयंकर चिडलेली आहे.

आज रविवार. केतकीला केंद्रात घेऊन गेले होते. परवानगी काढून नेते, तिला टाक्या आवडतात. मी आत आर्टेमिया, म्हणजे पिल्लांचं खाणं, गाळत होते. बाहेर आले तर ती स्टुलावर उभी, नाक काचेला, एका पोटुशा नराच्या टाकीपाशी. आणि बोलत होती. हळू आवाजात, न थांबता.

"मामा, इथे पोह्यात शेव नाही टाकत. मामा, मी बोंबील खाल्ला, काटा नाही लागला. मामा, आई वेणी घट्ट घालते, तू ढिली घालायचा. मामा, गौरीकाकूंचा टीव्ही छोटा आहे. मामा, आपके यहाँ बारिश आई क्या?"

तिने सगळा आठवडा सांगितला त्याला. रोजचं रोज लक्षात ठेवलेलं होतं.

माझा धक्का बादलीला लागला. तिने वळून बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं. मग तोंडावरचे हात काढून बोलली. "मामाने शप्पथ घातलीये. चिंतामण गणपतीची. आईसमोर मामा मामा करायचं नाही, आईला वाईट वाटतं." मी म्हटलं, मग इथे? ती म्हणाली, "हा आई थोडीच आहे. हा तर बाबा आहे."

दोन महिने, आल्हाद. पाच वर्षांच्या पोरीने दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर ते गिळलं, आणि मी केंद्रभर सांगत फिरले की किती शहाणी आहे. रविवारी ती तुझ्या फोनवरून पळायची कारण मी शेजारी बसलेली असायचे. हा बंदोबस्त केलास तू? मी माझ्या मनातला एक हलकटपणा तुला विश्वासाने सांगितला आणि तू तो तिच्या डोक्यावर ठेवलास? मीठ घाल म्हटलं होतं मी. तोंड शिवून पाठव म्हटलं नव्हतं.

आणि माझं काय, मला पहिला आठवडा आनंद झाला होता! आपण दोघांनी मिळून केलं हे.

मी तिला सांगितलं, शप्पथ सुटली, घे नाव, हवं तेवढं घे, मला मुळीच वाईट वाटत नाही. तिने मान हलवली. म्हणाली, "ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते." मी म्हटलं, फोन लावते, आत्ताच्या आत्ता सोडवून घे. तर म्हणे, "फोनवर नाही चालत. डोक्यावर हात ठेवून म्हणावं लागतं."

लहानपणी तुला हा नियम मीच शिकवला होता.

तेव्हा निघ. पुण्याचं, नकाशांचं, कशाचंही सांगू नकोस. राहायला ये, चार दिवस नाही, तिचं बोलून संपेपर्यंत. मला झोंबेल. झोंबू दे. आत्ता ती शेजारी चित्र काढत बसली आहे आणि मी कोणाला लिहितेय ते तिला पक्कं ठाऊक आहे. तीनदा माझ्याकडे बघून झालं. ओठ घट्ट मिटून परत कागदात बघते.

ताई